खडकाचा स्ट्राइक

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला 'स्ट्राइक' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्यामुळे भूगर्भशास्त्र शिकणारा माझा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, खडकालासुद्धा स्ट्राइक असतो," तेव्हा युनियन थेट दगडधोंड्यांपर्यंत पोचली म्हणून मला मनापासून आनंद झाला.

तो टिकला नाही. खडकाचा तिरपा थर आडव्या पातळीत कापला की जी रेघ मिळते, तिची दिशा म्हणजे स्ट्राइक. आणि तिच्याशी काटकोनात थर जितके अंश खाली कलतो, तो डिप. थर असतो जमिनीच्या पोटात. वर दिसते ती नुसती कड, नकाशावर रेघ म्हणून काढलेली. तिच्यावरून पोटातला कल सांगायचा! म्हणजे सहीवरून खातेदाराची शिल्लक सांगण्यासारखेच झाले.

पण जमते बुवा. तीन पायांचे स्टूल डुगडुगत नाही, तसे तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते. समजा, रेघेवरचे दोन बिंदू ६०० मीटर उंचीवर, एकमेकांच्या पूर्व-पश्चिमेला. झाला स्ट्राइक! तिसरा त्यांच्या ओळीपासून २०० मीटर उत्तरेला आणि १०० मीटर खाली. शंभराला दोनशेने भागा, कोष्टक बघा : डिप सुमारे २७ अंश, उत्तरेकडे. चौथा-पाचवा बिंदू घेतला की स्टूल डुगडुगू लागते. मग 'लीस्ट स्क्वेअर्स'च्या रीतीने सगळ्यांना थोडेथोडे नाराज करणारे प्रतल काढतात. वेतनकरार तरी दुसरे काय असतात?

खरी मेख पुढेच आहे. तिसरा बिंदू ओळीपासून १० मीटरच दूर आणि ५ मीटर खाली असला, तरी उत्तर तेच, २७ अंश. पण उंची मोजताना पाच मीटर इकडेतिकडे झाले, की थर एकदम आडवा, नाहीतर ४५ अंशांत! बिंदू उंचीसकट एका ओळीत आले, की प्रतल बिजागरीवरच्या दारासारखे हवे तिकडे फिरते. मग शंभर बिंदू घ्या; एकाच माणसाने सही केलेली शंभर व्हाउचरे म्हणजे काही शंभर साक्षीदार नव्हेत. रेघ दरीत उतरून, वळसा घेऊन वर आली, तरच कल खात्रीने कळतो.

आणि कल कळणे हा पोरखेळ नाही. इटलीतल्या वायोंत धरणाशेजारच्या तोक डोंगराचे थर जलाशयाकडे कललेले होते, मधे चिकणमातीचे पातळ पदर. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री डोंगराची ती बाजू पाण्यात घसरली. धरण उभेच राहिले. त्यावरून उसळलेल्या पाण्याने लोंगारोने गाव धुऊन नेले. सुमारे दोन हजार माणसे गेली.

डोंगराने नोटीसही दिली होती. १९६० सालीच वर लांबच लांब भेग पडली होती. ती वाचलीही गेली. जलाशयातले पाणी कमीजास्त करून डोंगर सावकाश उतरवू, असा वरच्यांचा हिशेब होता. वाटाघाटी सगळ्या पाण्याशी झाल्या. थरांचा कल होता तिथेच राहिला.