पालथे पडण्याची विद्या

तालमीत मुलाला घेऊन येणारा बाप बहुधा एकच पृच्छा करतो: उद्या रस्त्यात कोणी गाठले, तर कुस्तीचा उपयोग होईल ना? ज्याची हयात तांबड्या मातीत गेली, त्याने या प्रश्नाला होकार द्यावा. पण शर्ती घालून द्यावा.

कुस्तीत पाठ लागली की निकाल लागला; म्हणून खाली आलेला मल्ल पालथा पडून, कोपरे अंगाशी आवळून, छाती मातीला चिकटवून राहतो, आणि वरचा गडी त्याला उलथण्यासाठी घिस्सा, सवारी असे एकेक डाव लावीत घामाघूम होतो. हौद्यात हे पालथेपण अभेद्य असते; परंतु फरसबंदीवर, जेथे पंच नाही आणि समोरचा एकटाच असल्याची हमीही नाही, तेथे ते मान आणि बरगड्या लाथांच्या स्वाधीन करते. अंगात मुरलेला शिरस्ता शरीर न विचारता पाळते, हेच त्यातले भय.

मग प्राणघातक प्रहार शिकविणारे वर्ग श्रेष्ठ मानावेत काय? मला तसे वाटत नाही. १८८२ साली तोक्यो येथे ज्यूदोची स्थापना करणाऱ्या जिगोरो कानो यांनी जुन्या जुजुत्सूतील घातक प्रहार 'काता' या ठरीव आवर्तनांपुरते ठेवले आणि मुक्त सरावातून ते वगळले. त्यामुळे खरोखर विरोध करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी पूर्ण ताकदीनिशी नित्य झुंजणे शक्य झाले. डोळ्यांत बोटे घालण्याचा अभ्यास मात्र आज्ञाधारक जोडीदारासमोर, तोही हवेतच, करावा लागतो. उलट, पट काढू न देणारा गडी ज्याला रोज भेटला आहे, त्याची गचांडी कोणी धरली, तरी त्याचे पाय जमीन सोडीत नाहीत.

आता कायद्याचे. ज्या धोबीपछाडीला मैदानात फेट्यांची उधळण होते, तिने डांबरावर कोणाचे डोके फुटले तर फौजदारी उभी राहते. भारतीय न्याय संहितेचे ३७वे कलम, म्हणजे पूर्वीच्या दंडसंहितेचे ९९वे, बचावास आवश्यक तेवढीच इजा करू देते; सरकारी संरक्षण मागण्यास सवड असेल, तर तीही नाही.

म्हणून हल्ली सरावाच्या अखेरीस मी मुलांना निराळी कुस्ती लावतो: पाठ लागली तरी थांबायचे नाही, खालच्याने सुटून उभे राहायचे आणि दरवाजाकडे पळायचे. जुन्या वस्तादांना हे मुळीच रुचत नाही. पळणाऱ्याला तालमीत मान नसतो, असे ते म्हणतात. आणि हौद्यापुरते ते खरेही आहे.