मशालवाल्याचे चार हिट पॉइंट

दिवसाला दोन चांदीची नाणी. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचं २०१४चं ‘प्लेयर्स हँडबुक’ उघडलंत, की अकुशल गड्याचा हा दर सापडतो. काम काय, तर ओझी वाहायची, घोडे सांभाळायचे, मशाल धरायची. त्याच पुस्तकात राहणीमानाच्या खर्चाचा तक्ता आहे. त्यात ‘गरीब’ राहणीमानाचा रोजचा खर्च किती? दोन चांदीची नाणी. म्हणजे गडी कमावतो तेवढं खातो, शिल्लक शून्य. जखम भरणाऱ्या औषधाची एक कुपी पन्नास सोन्याच्या नाण्यांना मिळते. सोन्याच्या एका नाण्यात चांदीची दहा, म्हणजे गड्याची अडीचशे दिवसांची मजुरी. आमचे हिरो अशा कुप्या ताकासारख्या पितात.

हा खेळ कधी खेळला नसाल तर थोडक्यात सांगते. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र. उरलेलं सगळं जग, म्हणजे राक्षस, राजे, खानावळवाले आणि गडीसुद्धा, डीएम चालवतो. काय करायचं ते आपण बोलायचं, जमलं की नाही ते फासे सांगतात. आम्ही पाच जण शनिवारी रात्री पुण्यात एका मित्राच्या फ्लॅटवर जमतो. माझं पात्र योद्धा आहे, आणि माणूस आहे. बाकी तिघं एल्फ नाहीतर बुटके, त्यांना अंधारात दिसतं. मला दिसत नाही. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, मशालीला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून गडी ठेवला.

डीएमने त्याला खंडू असं नाव दिलं. (आमच्या डीएमला इंग्रजी नावं आठवत नाहीत, त्यामुळे ड्रॅगनच्या राज्यात अर्धे लोक सातारा जिल्ह्यातले वाटतात.) खंडूला एक खेचर घ्यायचं होतं, म्हणजे पाठीवरचं ओझं त्याच्या पाठीवर जाईल. पुस्तकात खेचराची किंमत आठ सोन्याची नाणी. काहीही न खाता चाळीस दिवस काम केलं तर जमतं.

मशालीचा लख्ख उजेड वीस फूट पडतो. त्यामुळे मला पुढचं दिसायला हवं असेल तर खंडूने पुढे चालायला हवं. शस्त्र नसलेला माणूस सगळ्यात पुढे, आणि त्याचे हिट पॉइंट फक्त चार.

तिसऱ्या शनिवारी एका गुहेत हॉबगॉब्लिन्सनी आम्हाला गाठलं. आमच्या जादूगाराकडे ‘फायरबॉल’ होता. सहा बाजूंचे आठ फासे टाकायचे, जेवढी बेरीज तेवढी इजा. ज्याला वेळेत बाजूला उडी मारता येते त्याला निम्मी. आता गंमत बघा. आठही फाशांवर एक पडला, तरी बेरीज आठ आणि निम्मे चार. खंडूने कितीही चपळ उडी मारली तरी तो मरणार. गणितात त्याला पळवाटच नाही.

जादूगार खेळणारा मित्र म्हणाला, ‘‘दोन नाण्यांचा तर माणूस आहे. पुढच्या गावात दुसरा घेऊ.’’

तो वाईट नाही. खेळात सगळे असंच बोलतात. पण चोर खेळणाऱ्या मैत्रिणीने हातातले फासे खाली ठेवले. तिचे आजोबा मार्केट यार्डात हमाल होते. ती एवढंच म्हणाली, ‘‘त्याला विचारलंस का?’’

डीएमने मोबाइलवर १९८१चं ‘बेसिक’ नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात पगारी सोबत्यांना मोराल असतं. दोन फासे टाकायचे. मोरालपेक्षा जास्त पडले, तर तो पळतो. हे मोराल मालकाच्या करिष्म्यावरून ठरतं. मालकाचा करिष्मा अठरा असेल तर मोराल दहा. माझा करिष्मा दहा, म्हणून खंडूचं सात. मोहीम संपली की पुन्हा फासे टाकायचे. त्यात नापास झाला तर तो तुमच्याबरोबर परत कधी येत नाही. नव्या आवृत्तीच्या डीएमच्या पुस्तकातही मोराल आणि निष्ठेचे ऐच्छिक नियम आहेत, पण आमच्या टेबलावर ते पान कुणी उघडलं नव्हतं.

फाशांवर नऊ पडले. खंडू पळाला. मशाल घेऊन पळाला!

पुढची वीस मिनिटं मी अंधारात तलवार फिरवत होते. प्रत्येक वार दोनदा फासे टाकून त्यातला वाईट आकडा धरायचा. कशीबशी जिंकलो, दोन कुप्या संपल्या. मित्र वैतागला, ‘‘पैसे घेऊन पळतो म्हणजे काय?’’ त्यावर रात्री एकपर्यंत वाद चालला.

मला विचाराल तर जुना खेळ काही दयाळू नव्हता. गड्यांना सापळे तपासायला पुढे ढकलणं हा जुन्या खेळाडूंचा लाडका विनोद आहे. आणि खंडूच्या खेचराची गोष्ट ऐकून आम्ही सगळे हळहळलो होतोच की. तो जळून मेला असता तर आणखी हळहळलो असतो आणि पुढच्या गावात दुसरा घेतला असता. आमच्या हळहळीवर त्याचं काही अवलंबून राहिलं नाही, कारण ‘नाही’ म्हणायची सोय त्याच्याकडे नियमातच होती. कागदावर आणि आकड्यात.

मैत्रीण त्या रात्री स्कूटरवर मागे बसून आजोबांबद्दल बोलत होती. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९चा, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आलं १९७४ला. आजोबांची माथाडी मंडळात नोंद झाली होती. ‘‘मजुरी वाढली ते बरंच झालं,’’ ती म्हणाली, ‘‘पण आजोबा सांगायचे ते पोत्याच्या वजनाबद्दल. एवढ्याच्या वर उचलणार नाही, असं तोंडावर म्हणता यायला लागलं.’’

पुढच्या गावात डीएमने आमची मस्त जिरवली. खंडू आमच्या आधीच तिथे पोहोचला होता आणि त्याने सगळ्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. खानावळीत एकही मशालवाला पाच चांदीच्या खाली यायला तयार नाही. निम्मे पैसे आगाऊ, जेवण वेगळं आणि फायरबॉलच्या आधी ओरडून सांगायचं. मैत्रीण हसत म्हणाली, ‘‘यांनी हमाल पंचायतच काढली की!’’ मी मोराल विचारलं, तर डीएम म्हणाला, आगाऊ दिलंत तर आठ धरतो.

खंडूशी बोलणी अजून चालू आहेत. तो परत यायला तयार आहे, पण आधी खेचर हवं. जादूगाराच्या मते आठ सोन्याची नाणी फार होतात. परवाच त्याने एका मंत्रासाठी शंभर सोन्याच्या नाण्यांचा मोती घेतला.