मेज, खिडक्या आणि ओटला

निवृत्त माणसाजवळ मते पुष्कळ असतात आणि ती ऐकून घेणारे थोडे, ही तक्रार जुनीच आहे. आम्हीही तिला अपवाद नाही. सध्या आमची दोन मते विशेष जोरात आहेत. एक दूरचित्रवाणीवरील राजकीय चर्चांविषयी आणि दुसरे संगणकाच्या पडद्याच्या मांडणीविषयी. घरातील तरुण मंडळी विचारतात, या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय? आमच्या मते संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. दोन्हीकडे एक चौकोनी पडदा आहे, त्यावर अनेक खिडक्या आहेत आणि समोर एक माणूस बसलेला आहे. त्या माणसाचा विचार कुणी केला आणि कुणी केला नाही, एवढाच प्रश्न आहे.

मेजाविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार आम्ही मिळवलेला आहे. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत आमची साडेतीन दशके मेजामागेच गेली. आमच्याकडील सरकारी हिंदीत फाइलीला ‘नस्ती’ म्हणतात. नस्तीत एका भागात पत्रव्यवहार आणि दुसऱ्या भागात टीप, म्हणजे नोटशीट. टीप लिहिण्याची रीत ठरलेली असे. अर्जदाराचे म्हणणे काय, विभागाचा आक्षेप काय, नियम काय सांगतो, पूर्वी अशा प्रकरणी काय निर्णय झाला, हे सारे आधी लिहायचे आणि मग स्वतःचे मत द्यायचे. खाली सही आणि तारीख. सरकारी कारभाराला लोक नावे ठेवतात, ती पुष्कळदा योग्यही असतात. तथापि दुसऱ्याचे म्हणणे कागदावर उतरवल्याखेरीज आपले मत नोंदवायचे नाही, ही सवय आम्हांस त्याच मेजाने लावली.

आमच्या कचेरीत संगणक आला तो गेल्या शतकाच्या अखेरीस. त्याला वेगळी खोली, वातानुकूलन यंत्र आणि वर प्लास्टिकचे आच्छादन. खोलीत जाताना पादत्राणे बाहेर काढावी लागत, त्यामुळे देवघरात शिरल्यासारखे वाटे. पडदा उजळला आणि आम्ही पाहिले, तर समोर आमचेच मेज! कागद, फाइली, फाइली ठेवायचे कप्पे आणि केराची टोपली. पुढे वाचनात आले की ही कल्पना अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांची. १९७३ मध्ये त्यांनी ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार केला, आणि १९८१ च्या ‘स्टार’ या संगणकाच्या पडद्यावर तर आवक-जावक टपालाच्या ट्रेसुद्धा चित्ररूपाने मांडल्या होत्या. कारकुनाला नवे यंत्र परके वाटू नये म्हणून त्याच्याच मेजाचे चित्र त्याच्यापुढे ठेवायचे, हा त्यामागील विचार. ॲपलच्या ‘लिसा’ने १९८३ मध्ये व ‘मॅकिंटॉश’ने १९८४ मध्ये तीच वाट धरली आणि ‘विंडोज ९५’ने ती घरोघरी नेली. एक गोष्ट मात्र आम्हांस प्रथमपासून खटकत आली आहे. खऱ्या कचेरीत केराची टोपली मेजाखाली असते, संगणकात ती मेजावर मांडलेली असते.

या मांडणीतील एक नियम आमच्या विशेष पसंतीस उतरला. पडद्यावर खिडक्या दहा उघडा, परंतु एका वेळी चालू असते ती एकच. आपण टंकलिखित केलेले अक्षर त्या एकीतच उमटते. बाकीच्या मुकाट्याने मागे थांबतात. आपण बोलावू तेव्हा पुढे येतात आणि कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारली की निघून जातात. नामांकित सभेच्या अध्यक्षालाही इतकी शिस्त साधत नाही.

आणि ही शिस्त मोडली तर लोक खपवून घेत नाहीत. २०१२ मध्ये ‘विंडोज ८’ आले, तेव्हा १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात बसलेले ‘स्टार्ट’चे बटण काढून टाकण्यात आले आणि त्याच्या जागी पडदाभर रंगीत चौकोन आले. जगभरातून तक्रारी झाल्या. वर्षभरात, २०१३ मध्ये, बटण परत आले, आणि २०१५ च्या ‘विंडोज १०’मध्ये त्यामागील जुनी यादीही बऱ्याच अंशी परतली. एवढ्या बलाढ्य कंपनीला माघार घ्यावी लागली, कारण तिचा माल वापरणाऱ्याचे काम अडत होते आणि काम अडलेला ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो.

आता संध्याकाळच्या वृत्तवाहिनीकडे वळू. तेथेही खिडक्या आहेत. सहा, आठ, कधी त्याहून अधिक. प्रत्येकीत एक मुख, आणि सारी मुखे एकाच वेळी उघडी. खाली धावती पट्टी, वर तांबडी पट्टी, मधूनमधून नगाऱ्यासारखा आवाज. सूत्रसंचालक प्रश्न विचारतात आणि उत्तर येण्यापूर्वी पुढचा प्रश्न टाकतात. एक खिडकी चालू असताना दुसरीने थांबावे, हा साधा नियमही येथे नाही. आम्ही आणि आमच्यासारखे अनेक जण वीस वर्षे याविषयी कुरकुर करीत आहोत. मग संगणकाचे बटण परत आले, तशी चर्चेतील शांतता परत का येत नाही?

आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. धार किंवा झाबुआ जिल्ह्यातील एखाद्या गावी बातमीदार, कॅमेरा आणि वाहन पाठवायचे, तर खर्च येतो. आठ जणांना आपापल्या जागी बसवून भांडावयास लावले, तर तासभराचा कार्यक्रम स्वस्तात तयार होतो. नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटे जाहिरातींसाठी असतात, आणि वाहिनीला मुख्यतः त्या बारा मिनिटांची चिंता. संगणकाचा ग्राहक आपण असतो, येथे ग्राहक जाहिरातदार असतो आणि विकले जाते ते आपले लक्ष. ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत वृत्तवाहिन्यांची साप्ताहिक प्रेक्षकसंख्या जाहीर होणे बंद होते. आम्हांस आशा वाटली होती की, निदान त्या काळात तरी आवाज उतरेल. आमच्या कानांना काही फरक जाणवला नाही. सवय एकदा लागली की कारण उरले नाही तरी ती चालू राहते.

आमचे इंदूर राजकारणावर बोलण्यात कधी मागे नव्हते. १९४७ मध्ये येथे सुरू झालेल्या ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादकपद दीर्घकाळ राहुल बारपुते या मराठी माणसाने भूषविले. त्या पत्रातील वाचकांच्या पत्रांचा स्तंभ आम्ही बातम्यांच्या आधी वाचत असू. पत्र छापून यावे म्हणून लोक दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहीत. आणि जे छापून येत नसे, ते ओटल्यावर बोलले जाई. माळव्यात घरापुढील ओट्याला ओटला म्हणतात, हे वाचकांना सांगावयास नको. तेथे संघाचे, समाजवादी, काँग्रेसचे आणि कम्युनिस्ट असे सारेच बसत. भांडण कडाक्याचे होई, परंतु दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडे हळदीकुंकवाला घरच्या बायका जायच्या असल्याने त्याला मर्यादा असे.

ती मर्यादा आमच्या डोळ्यांदेखत सुटली. आमच्या ओटल्यावरील दोन गृहस्थांची मैत्री चाळीस वर्षांची. मुलांच्या मुंजी एका मांडवात झालेल्या. एक ठरावीक वाहिनी पाहतात, दुसरे मोबाइलवर विरुद्ध बाजूचे भाषण ऐकतात. दोघेही रात्री जे ऐकत, तेच त्याच शब्दांत, त्याच चढ्या सुरात सकाळी ओटल्यावर आणू लागले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या उन्हाळ्यात एकाने दुसऱ्यास देशद्रोही म्हटले आणि दुसऱ्याने त्यास विकला गेलेला म्हटले. त्यानंतर दोघेही येईनासे झाले. त्या दोघांना कोणत्याही पक्षाने काही दिलेले नाही आणि कोणत्याही पक्षाला त्यांची नावेही ठाऊक नाहीत. नुकसान झाले ते केवळ ओटल्याचे.

त्या दिवाळीनंतर आम्ही उरलेल्या चौघांनी एक नियम केला. कोणी मत मांडण्यापूर्वी विरुद्ध बाजूचे म्हणणे आपल्या तोंडाने सांगायचे, आणि ते असे की त्या बाजूच्या माणसाने ‘होय, मला हेच म्हणावयाचे होते’ असे म्हटले पाहिजे. नियम आमच्या नोटशीटचा वाटला, तरी तो तिच्याहून फार जुना आहे. आपल्या शास्त्रकारांनी आधी पूर्वपक्ष मांडून मगच उत्तरपक्ष सांगितला. सुरुवातीस या नियमामुळे ओटल्यावर पुष्कळ शांतता पसरली, कारण दुसऱ्याचे म्हणणे नक्की काय आहे हे कुणालाच धड सांगता येईना. आता हळूहळू जमू लागले आहे. रुसलेल्या दोघांपैकी एक गृहस्थ गेल्या चैत्रापासून पुन्हा येतात. परवा त्यांनी आपल्या मित्राची बाजू इतकी समर्थपणे मांडली की आम्ही चकित झालो. ऐकावयास तो मित्र तेवढा नव्हता. त्याच्या घरी निरोप धाडला आहे.