निर्गुडीचा फेरफार

कोरीटच्या शिवारात, जिथे ओढ्याची हद्द कुठे सरते आणि बांधाची कुठे सुरू होते हे तलाठ्यालाही दप्तर उघडल्यावाचून सांगवणार नाही, अशा ठिकाणी निर्गुडीची जाळी उभी होती. एका देठावर पाच पर्णिका, मधली सर्वांत लांब. वरून गर्द हिरव्या, खालून राखेचा हात फिरल्यासारख्या पांढुरक्या. झुबक्यांत इवलीशी निळसर जांभळी फुले. आणि चुरगळलेल्या पानाचा वास इतका उग्र, की शेळीसुद्धा हुंगून पुढे निघून जाते. म्हणूनच शेतकरी हिला निर्धास्तपणे कुंपणाला लावतो.

लिनीअसने १७५३ मध्ये हिची नोंद ‘व्हायटेक्स निगुंडो’ अशी केली, तेव्हा आपल्याकडचेच नाव लॅटिन पेहराव करून ग्रंथात शिरले. पुढे कितीतरी वर्षे ती घाणेरीच्या कुळात, व्हर्बिनेसीत, नांदली. आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शास्त्रज्ञांनी फेरफार मंजूर करून तिला तुळशीच्या कुळात दाखल केले. तिच्या मागोमाग सातपुड्याचा सागही त्याच खात्यावर चढला. घाणेरी तेवढी मूळच्या कुळात राहिली.

योगायोग असा, की त्याच दशकात कोरीटचाही पत्ता बदलला. १९०६ मध्ये खानदेशाची वाटणी होऊन हा मुलूख पश्चिम खानदेशात गेला, नंतर धुळे जिल्ह्यात मोडू लागला, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबारचा झाला. गाव मात्र तसूभरही हलले नाही.

मी निर्गुडीची एक कोवळी काडी बोटांत फिरवून पाहिली. अंगणातल्या तुळशीसारख्याच चार कडा बोटांना लागल्या; पण त्या घाणेरीलाही असतात, तेव्हा जुन्या कारकुनाला तरी दोष कसा द्यावा?

सुजलेला गुडघा शेकणाऱ्या म्हातारीला आणि बाळंतिणीच्या न्हाणीसाठी चुलीवरच्या हंड्यात पाला टाकणाऱ्या सुईणीला या फेरफाराची नोटीस कधी बजावली गेली नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही. दप्तरात कूळ बदलले तरी जमीन तीच राहते, हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्याला निर्गुडीचे कूळ कोणते हे विचारण्यात अर्थ नाही. पाला कोणत्या ओढ्याकाठी मिळेल, एवढेच विचारावे.