कपाटाचं इन्स्टाग्राम

राबिघमधल्या आम्हा मराठी मंडळींचं वाचनालय म्हणजे माझ्या हॉलमधलं एक कपाट. गावाहून येणारा प्रत्येक जण बॅगेच्या वजनात बसतील तेवढी पुस्तकं आणून माझ्याकडे टाकतो. जिद्दाच्या उत्तरेला दीडशेएक किलोमीटरवरच्या या रिफायनरीच्या गावात ती न्यायला मात्र कोणी फिरकत नाही. ‘काकू, इन्स्टावर टाका की,’ शेजारची पोरगी म्हणाली आणि अकाउंटही तिनंच उघडून दिलं.

पुढे सगळा अंधार. पुस्तकांना घातलेल्या प्लास्टिकच्या कव्हरवर इथलं ऊन असं चमकतं, की फोटोत मुखपृष्ठाच्या जागी खिडकीच दिसते. शेवटी खिडकीला पांढरी चादर लावली. समुद्रावर जाऊन काढावा, तर आमचे हे आधी मागे प्लांटच्या चिमण्या येत नाहीत ना ते बघणार; तसले फोटो इथे चालत नाहीत. वाचणाऱ्या माणसांचे काढावेत, तर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं कुणाच्या खाजगीपणावर घाला घालणं हा 2007च्या सायबर कायद्यानं गुन्हा. परवानगी विचारली की वहिनी लाजून आत पळतात. म्हणून आमच्या अकाउंटवर नुसते हात: मेंदीचे, पिठाचे, एक ग्रीसचासुद्धा.

मग न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा 2018मधला प्रयोग कळला. ‘ॲलिस इन वंडरलँड’ अख्खं स्टोरीत! अंगठा दाबून ठेवला की पान थांबतं, उचलला की उलटतं. तो कुठे टेकवायचा ती जागाही पानाच्या कोपऱ्यात आखलेली. मलाही हुरूप आला. पण आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतात. पुलं 2000 साली गेले, म्हणजे त्यांची पानं नकोत. साने गुरुजी 1950 साली गेले; ‘श्यामची आई’ चालेल. रात्री बसून पानं टाइप केली, वेलांट्या चौकटीबाहेर गेल्या त्या आत आणल्या, आणि चोवीस तासांनी स्टोरी गायब! ‘हायलाइट’ नावाचं बटण असतं, हे नंतर कळलं.

लाइक आले ते नाशिकहून, डोंबिवलीहून, न्यू जर्सीहून. एका ताईंचा मेसेज: ‘प्राइस प्लीज?’ वाचनालय आहे म्हटलं, तर ‘शिपिंग किती?’

राबिघमधून मात्र सामसूम. एकदा कंटाळून उघड्या कपाटाचा सरळ फोटो टाकला, ना चादर ना हात. त्याच रात्री नाइट शिफ्टवरच्या एका भाऊंचा मेसेज आला. त्यांनी फोटो मोठा करून पुस्तकांच्या पाठी वाचल्या होत्या. ‘दुसऱ्या फळीवर, डावीकडून तिसरं. धारप आहेत का?’ सकाळी ड्युटी सुटल्यावर आले आणि होते तेवढे सगळे धारप घेऊन गेले.

तेव्हापासून मी फक्त फळ्या टाकते, नावं नीट वाचता येतील अशा. पोरगी वैतागते, ‘काकू, हे इन्स्टा नाही, रजिस्टर आहे.’ असू दे. भाऊंना आता मतकरी हवे आहेत आणि ते कपाटात नाहीत. सुट्टीवर निघालेल्या सगळ्यांना निरोप धाडलाय.