वासाची नोंद

हॉस्टेलवर कुणाला सांगितलं की मी आंबोलीचा, की पुढचं वाक्य ठरलेलं. "काय राव, मजा आहे तुझी! धबधबा, धुकं, ताजी हवा!" हवा ताजी आहे हे खरंच. पण मित्रांनो, हवेवर पोट भरत नाही. पावसाळी पर्यटनाचे तीन-चार महिने सोडले तर कामाची बोंबच. म्हणून आमच्याकडची पोरं बाहेर पडतात. कुणी गोव्यात, कुणी कोल्हापूरला, कुणी कोकणातल्या केमिकल पट्ट्यात.

माझा चुलतभाऊ असाच एका फोम बनवणाऱ्या कारखान्यात लागला. म्हणजे खरं तर कंत्राटदाराकडे. फोमसाठी टीडीआय लागतं, पूर्ण नाव टोल्युइन डायआयसोसायनेट. भोपाळचा मिथाइल आयसोसायनेट याच घराण्यातला. फॅक्टरी ॲक्टच्या तक्त्यात टीडीआयची आठ तासांची सरासरी मर्यादा होती ०.००५ पीपीएम. नाकाला वास कळतो तो याच्या कितीतरी पट झाल्यावर. म्हणजे कामगार "वास येतोय" म्हणाला, तर मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते! आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोडंसं पुरतं. दम लागतो.

दादा तीन वर्षांत घरी परतला. वय तीस. कामावर असताना खोकला, सुट्टीत बरं, परत कामावर गेला की खोकला. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं 'दमा', बस्स. कशामुळे, ते नाही. गणपतीत मी घरी गेलो तेव्हा म्हणाला, "अरे, तू इंजिनेर होतलस मां? मगे सांग, माका कायतरी गावतला काय?"

आपल्या सिलॅबसमध्ये याचं उत्तर नाही. म्हणून लायब्ररीत बसून कायदा वाचला. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. दोन्हींच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळे होणाऱ्या रोगांची यादी आहे, आणि अशा पदार्थांमुळे होणारा दमा त्यात आहे. मग अडतं कुठे? एकाच मालकाकडे सलग सहा महिने ते काम केलं असेल, तर रोग कामामुळेच झाला असं धरून चालतात. तसं नाही, हे मालकाने सिद्ध करायचं. सहा महिने भरत नसतील तर ओझं कामगाराच्या डोक्यावर. आणि दादाचं नाव दर पाच महिन्यांनी नव्या कंत्राटदाराच्या हजेरीपटावर! गेट तेच, मशीन तेच, वास तोच. कागदावर मालक मात्र वेगळा.

रुपयांत बघा. १९२३ च्या कायद्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. तिसाव्या वर्षी गुणक २०७.९८. पगार १५,००० धरला तर ९,००० × २०७.९८ = १८,७१,८२० रुपये. कमाईची ताकद ३० टक्के गेली असं ठरलं तर ५,६१,५४६. काहीच सिद्ध झालं नाही तर शून्य. गणित आपल्या एम-थ्रीपेक्षा सोपं आहे, फक्त त्यात घालायचे आकडे कागदावर हवेत.

माणूस एकदम गेला तर निदान पोस्टमॉर्टेमचा कागद तरी असतो. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तिघे विषारी वायूने गेले. तरीही त्यांच्या बायकांना हायकोर्टात जावं लागलं. सप्टेंबर २०२१ मध्ये कोर्टाने प्रत्येकीला दहा लाख रुपये द्यायला सांगितलं. ज्याची छाती हळूहळू निकामी होते त्याचा पंचनामा कोण करणार?

इथे आपला, म्हणजे इंजिनिअरांचा, संबंध येतो. भोपाळनंतर, १९८७ साली, फॅक्टरी ॲक्टमध्ये भर पडली: विषारी पदार्थांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या अचूक नोंदी ठेवायच्या आणि त्या कामगाराला बघता आल्या पाहिजेत. या नोंदींना जोड हवी ती शिफ्टच्या लॉगबुकाची. आणि ते उद्या आपणच लिहिणार. 'किरकोळ गळती, दुरुस्त केली' एवढं लिहून सही ठोकणं सोपं. किती वाजता, किती पीपीएम, जवळ कोण कोण होतं, हे लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात. पण पुढे कुणाच्या तरी दाव्यात तेवढाच पुरावा असू शकतो.

दादा सध्या कागद गोळा करतोय. जुने गेटपास, बँकेचं पासबुक, सोबत काम केलेल्या दोघांचे जबाब. कंत्राटी कामगाराची जबाबदारी मूळ मालकावरही टाकता येते असं कलम कायद्यात आहे, त्यावर त्याचा भरवसा. दाव्याला दोन वर्षांची मुदत असते, त्यातले नऊ महिने गेले.

तेव्हा टी.वाय.वाल्यांनो, इनप्लांट ट्रेनिंगला गेलात की पहिल्या दिवशी कॅन्टीन कुठे आहे ते विचारालच. त्यानंतर गॅस डिटेक्टरचं रजिस्टर कुठे ठेवतात तेही विचारा. आणि आरोग्य तपासणीच्या नोंदीत कंत्राटी माणसांची नावं आहेत का, तेवढं बघा.