मही आणि काँगो

काँगो नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते, हे वाचताना मला आमच्या धार जिल्ह्यात मिंडा गावाजवळ उगम पावणारी मही आठवली. ही ५८३ किलोमीटरची नदी उत्तरेस राजस्थानात जाते, वळते आणि कर्कवृत्त पुन्हा ओलांडून खंबायतच्या आखाताला मिळते. साम्य मात्र एवढेच. काँगोच्या उपनद्या विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना. उत्तरेचा पाऊस ओसरला की दक्षिणेचा सुरू. जमाखर्च बारा महिने जुळलेला (वाणिज्यवाल्याला दुसरे काय सुचणार!). महीची सारी मिळकत एका पावसाळ्याची. म्हणून बांसवाड्याला, कडाण्याला धरणे बांधून ती साठवावी लागली. आणि म्हणूनच बदनावरच्या बाजारात ज्येष्ठ सरताना बियाण्याची उधारीसुद्धा आभाळाकडे बघून दिली जाते.